रुबल 'बुडाला', रुबल 'वधारला': मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीतल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा मी वर्गाला एक काम दिले. या युद्धाच्या आर्थिक बाजूविषयी मराठीत जे काही छापून येईल ते कापून वहीत चिकटवायचे आणि बाजूला तारीख घालायची. हे काम मी अजून थांबवलेले नाही. मुले पुढच्या वर्गात जातात आणि वह्या माझ्याकडे राहतात. माझ्या वर्गातली बहुतेक मुले तासगाव, जत, कवठेमहांकाळ या भागांतून येतात. इंग्रजी मासिके त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, जगाची जी खबर त्यांना मिळते ती तुमच्याच पानांतून आणि पडद्यावरून मिळते. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

पहिल्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीने वही परत देताना विचारले होते, "सर, मार्चमध्ये रुबल बुडाला होता. जूनमध्ये तो जगातलं सगळ्यात भारी चलन झाला. मधल्या तीन महिन्यांत काय झालं, ते एकाही कात्रणात नाही." मी तिची वही चाळली. ती म्हणत होती ते खरे होते.

मधल्या तीन महिन्यांत काय झाले ते सांगणे अवघड नव्हते. युद्धाआधी एका डॉलरला ७५ ते ८० रुबल पडत. रशियाच्या गंगाजळीतले सुमारे ३०० अब्ज डॉलर, म्हणजे जवळपास निम्मा साठा, पाश्चात्त्य देशांनी गोठवला आणि मार्चमध्ये डॉलर १२० रुबलपर्यंत चढला. एल्विरा नबिउलिना यांच्या मध्यवर्ती बँकेने २८ फेब्रुवारीलाच व्याजदर साडेनऊ टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांवर नेला होता. निर्यातदारांनी मिळवलेल्या परकीय चलनापैकी ८० टक्के रशियात विकलेच पाहिजे, अशी सक्ती झाली. खात्यातून परकीय चलन काढण्यावर मर्यादा आली, मॉस्कोचा शेअर बाजार जवळपास महिनाभर बंद राहिला आणि तो उघडल्यावरही परदेशी गुंतवणूकदारांना शेअर विकून बाहेर पडण्याची मुभा नव्हती. दुसरीकडे तेल आणि वायू महाग झाल्यामुळे डॉलर-युरो आत येत राहिले, आणि पाश्चात्त्य देशांच्या निर्बंधांमुळे बाहेरून माल येईनासा झाल्याने ते खर्च करायला वावच उरला नाही. जूनअखेर डॉलर ५० ते ५५ रुबलवर उतरला, म्हणजे रुबल वधारला, तो या सगळ्यामुळे. बाजारच बंद असला तर खिशातले पैसे शिल्लक राहणारच. त्या शिलकीला तुम्ही ताकद म्हणालात आणि आमच्या मुलांनी तसे लिहून घेतले.

रशियाच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहा, अशी माझी मागणी नाही. माझी तक्रार अशी की गेली चार वर्षे आम्हाला बातमीच्या जागी निकाल मिळतो. कोसळला, सावरला, फसला, जिंकला. आणि दोन निकालांच्या मध्ये जे घडत असते तेच तर अर्थकारण.

सुरुवात नेत्यांच्या वाक्यांपासून झाली. १ मार्च २०२२ रोजी फ्रान्सचे अर्थमंत्री ब्रुनो ल मेर म्हणाले की आम्ही रशियाची अर्थव्यवस्था कोसळवू. २६ मार्चला वॉर्सा येथे अध्यक्ष बायडेन म्हणाले की ही अर्थव्यवस्था येत्या काही वर्षांत निम्मी होण्याच्या वाटेवर आहे. युद्धात उतरलेल्या किंवा युद्धाला रसद पुरवणाऱ्या राजकारण्याने असे बोलणे स्वाभाविक आहे, कारण ते बोलणेही युद्धाचाच भाग असते. ते छापावेच, पण अवतरणचिन्हात, बोलणाऱ्याच्या नावानिशी. वहीत मात्र ती वाक्ये मथळा होऊन बसली आहेत आणि अवतरणचिन्हे गळून पडली आहेत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एप्रिल २०२२ मध्ये वर्तवले होते की त्या वर्षी रशियाचे उत्पादन साडेआठ टक्क्यांनी घटेल. ते घटले साधारण दोन टक्क्यांनी, आणि पुढे रशियाच्या सांख्यिकी खात्याने आकडे सुधारले तेव्हा दीड टक्क्याच्याही आत. अंदाज चुकतात, त्यात गैर काही नाही. पण तो चुकला का, आणि सुधारलेला आकडा किती विश्वासाचा, हे मला वहीत कुठेच सापडले नाही. पहिला आकडा छापला होता, वर्षभराने दुसरा छापला, आणि दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही.

मग लंबक उलटा फिरला. २०२३ मध्ये रशियाची वाढ साडेतीन टक्क्यांच्या वर गेली, २०२४ मध्ये चार टक्क्यांच्या वर, आणि मराठी पानांवर निर्बंध 'फुसके' ठरले. या टप्प्याविषयी मला जास्त बोलायचे आहे, कारण इथे नुसती घाई झाली नाही, वाचकांची समज चुकीच्या दिशेने घडली.

जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांची एकूण किंमत, कसा मोजतात हे आम्ही बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवतो. कारखान्यात तयार झालेला तोफगोळा जीडीपीत धरला जातो. तो आघाडीवर पोचतो, फुटतो, एखाद्या गावातली शाळा पाडतो, तरी मोजणीतून वजा होत नाही. ट्रॅक्टर पुढची दहा वर्षे शेत नांगरतो, रणगाडा कदाचित दहा दिवसांत जळतो, आणि त्या वर्षीच्या हिशेबात दोन्ही 'उत्पादन' असतात. २०२५ च्या रशियन अंदाजपत्रकात संरक्षणासाठी साडेतेरा लाख कोटी रुबल ठेवले होते, म्हणजे जीडीपीच्या सहा टक्क्यांहून अधिक आणि एकूण खर्चाच्या जवळपास एक तृतीयांश. इतका पैसा कारखान्यांत ओतल्यावर वाढीचा दर चढणारच. त्याच देशात २०२२ मध्ये प्रवासी मोटारींचे उत्पादन दोन तृतीयांशांनी घटून साडेचार लाखांवर आले होते. सुटे भाग मिळेनात म्हणून लाडा ग्रांता ही साधी गाडी एअरबॅग आणि एबीएस ब्रेकशिवाय विकायला काढली गेली. लोखंड तेच, कामगार तेच. जे तयार होते आहे ते कोणाच्या उपयोगाचे, हा प्रश्न वाढीच्या दरात दिसत नाही, तो बातमीदारालाच विचारावा लागतो.

बेरोजगारीचेही असेच. ती अडीच टक्क्यांच्या खाली गेली, हे आपल्याकडे कौतुकाने छापून आले. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख पुरुषांना सैन्यात बोलावले गेले, लाखो लोक देश सोडून गेले, आणि उरलेल्यांना शस्त्रांच्या कारखान्यांनी जास्त पगार देऊन ओढून घेतले. मग बेकार कोण उरणार? बसला चालक मिळत नाही, शेताला माणूस मिळत नाही, अशी ती 'पूर्ण रोजगारी' आहे. आमच्या भागात ऊसतोडीला टोळी मिळाली नाही की काय होते ते इथला प्रत्येक शेतकरी जाणतो. एवढे एक उदाहरण दिले असते तरी वाचकाला ते नीट कळले असते.

आणि एक कात्रण मला कधीच विसरता येणार नाही. त्यात लिहिले होते की रशियाच्या गरीब प्रांतांत लोकांच्या बँक ठेवी वाढल्या, म्हणजेच युद्धाने तिथे समृद्धी आणली. जुलै २०२४ मध्ये मॉस्को शहराने सैन्यात भरती होणाऱ्याला १९ लाख रुबल एकरकमी देऊ केले, ही एका शहराची गोष्ट. पण मार्च २०२२ च्या अध्यक्षीय आदेशानुसार युद्धात मेलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला ५० लाख रुबल मिळतात. बुर्यातिया, तुवा अशा दूरच्या प्रांतांतून सैनिक मोठ्या प्रमाणात गेले आणि तिथे मृत्यूही लोकसंख्येच्या मानाने जास्त झाले. त्या ठेवींचा काही हिस्सा या पैशाचा आहे. मुलगा गेल्यावर आईच्या खात्यावर जमा झालेल्या रकमेला समृद्धी म्हणताना लिहिणाऱ्याचा हात थांबला नाही, कारण त्याने इंग्रजीतून आलेली ओळ उलथवून मराठीत ठेवली आणि पुढच्या बातमीकडे वळला. मी त्या उपसंपादकावर रागावलेलो नाही. रात्री अकरा वाजता पान सोडायचे असते, हाताशी माणसे दोन, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्यावर संपादक म्हणून तुम्ही आहात.

आता आकडे येतात कुठून, याविषयी. युद्ध सुरू होताच रशियाने आपल्या हिशेबाच्या वहीवर हात ठेवला. एप्रिल २०२२ पासून आयात-निर्यातीची तपशीलवार सीमाशुल्क आकडेवारी बंद झाली. अंदाजपत्रकातल्या खर्चाचे मासिक तपशील आणि बँकांचे अनेक अहवाल झाकले गेले. २०२३ च्या वसंतात तेलाच्या उत्पादनाचे आकडेही थांबले. त्याआधीच, ४ मार्च २०२२ च्या कायद्याने, सैन्याविषयी 'खोटी' ठरवलेली माहिती देणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत तुरुंगाची सोय झाली होती. 'इको ऑफ मॉस्को' हे नभोवाणी केंद्र बंद पडले. 'नोवाया गझेता' या वृत्तपत्राला प्रकाशन थांबवावे लागले, ज्याचे संपादक दिमित्री मुरातोव यांना आदल्याच वर्षी शांततेचे नोबेल मिळाले होते. ज्या देशात 'युद्ध' हा शब्द लिहिणे धोक्याचे, त्या देशाने दिलेला आकडा आपण एका ओळीचीही पुस्ती न जोडता छापतो. उलट बाजूने, तो सरसकट खोटा असतो असे धरून चालणेही आळसाचे आहे. महागाईचा अधिकृत आकडा २०२४ साठी साडेनऊ टक्के होता आणि तरी मध्यवर्ती बँकेने त्या ऑक्टोबरात व्याजदर २१ टक्क्यांवर नेला. बँक स्वतःच जेव्हा एवढा दर लावते तेव्हा तिला काय दिसत असेल, असा उलटा माग काढता येतो. झाकलेल्या घरात काय शिजते ते धुरावरून ओळखावे तसे.

असा धूर रशियातूनच पुष्कळ निघत होता. डिसेंबर २०२३ मध्ये एका निवृत्त बाईने दूरचित्रवाणीवर थेट पुतिन यांना अंड्यांच्या भावाबद्दल विचारले आणि त्यांनी चक्क माफी मागितली, सरकारच्या कामात कसूर झाली असे कबूल केले. पुढच्या वर्षी लोणी इतके महागले की काही दुकानांनी ते कुलपी डब्यांत ठेवले. रोस्टेक या सरकारी शस्त्रउद्योगाचे प्रमुख सेर्गेई चेमेझोव यांनी जाहीर तक्रार केली की असे व्याजदर राहिले तर बहुतेक कारखाने दिवाळखोरीत जातील. जून २०२५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या आर्थिक परिषदेत आर्थिक विकासमंत्री मॅक्सिम रेशेत्निकोव म्हणाले की देश मंदीच्या उंबरठ्यावर आहे, आणि नबिउलिना यांनी त्याच परिषदेत ते नाकारून, तापलेली अर्थव्यवस्था थंड होते आहे, असा खुलासा केला. सरकारातली दोन मोठी माणसे उघडपणे एकमेकांना छेद देत होती! त्या आठवड्याच्या मराठी पानांत त्या वादावर मला एक छोटी चौकट मिळाली, तीही रुबलच्या भावाबद्दल. २०२५ मध्ये वाढ खरोखरच आटली आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथला मूल्यवर्धित कर २० वरून २२ टक्के झाला. म्हणजे युद्धाची वर्गणी आता प्रत्येक गिऱ्हाइकाकडून गोळा होते आहे. हा धागा ज्यांनी धरला असता त्यांना ना 'कोसळली' म्हणावे लागले असते, ना 'निर्बंध फुसके'.

युक्रेनच्या अर्थकारणाबद्दल आमच्या वह्या जवळजवळ कोऱ्या आहेत. २०२२ मध्ये त्या देशाचे उत्पादन जवळपास २९ टक्क्यांनी घटले. जुलै २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने रिव्निया हे चलन एका झटक्यात २५ टक्क्यांनी खाली आणले. देशात गोळा झालेला कर सैन्यावर जातो, आणि निवृत्तिवेतन, शिक्षकांचे पगार, दवाखाने परदेशी मदतीवर चालतात. त्यामुळे वॉशिंग्टन किंवा ब्रुसेल्समध्ये मदत लांबली की त्याची पहिली झळ कीवमधल्या एखाद्या शाळामास्तराला लागू शकते. मी मास्तर आहे म्हणून हे मला लवकर दिसते. तुमच्या पानांवर मात्र मदतीचा आकडा येतो आणि ती कुठे जाते ते येत नाही. तिथल्या माध्यमांचेही सगळे आलबेल नाही. प्रमुख वाहिन्यांनी मिळून युद्धाच्या सुरुवातीला एकच सामाईक बातमीपत्र सुरू केले. पहिल्या महिन्यांत त्याने धीर दिला, पुढे लोकांचा त्यावरचा विश्वास ओसरत गेला, कारण त्यात सरकारला अडचणीचे प्रश्न येत नव्हते. हल्ला झालेला देश म्हणून सहानुभूती जरूर असावी, माझीही आहे, पण तिथल्याही आकड्याला तोच प्रश्न विचारायला हवा.

हे सगळे आपल्यासाठी नवे नाही, याचे मला जास्त वाईट वाटते. दुसऱ्या महायुद्धात आपलाच देश या अनुभवातून गेला. मुंबईच्या गिरण्यांना लष्करी मागणीने बरकत आली, लंडनमध्ये भारताच्या नावे स्टर्लिंगची, म्हणजे ब्रिटिश पौंडांची, शिल्लक फुगत गेली, आणि १९३९ पासून चार वर्षांत घाऊक भाव दुपटीवर गेले. कागदावर भारत ब्रिटनचा सावकार झाला त्याच काळात बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. 'दुष्काळ' हा शब्द सरकारला नको होता आणि दुष्काळ संहितेप्रमाणे तो अखेरपर्यंत जाहीर झाला नाही. २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने, इयान स्टीफन्स या इंग्रज संपादकाने, रस्त्यावर पडलेल्या भुकेल्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा जगाला कळले. पुण्यात गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ आणि सोवनी हे अर्थशास्त्रज्ञ त्याच वर्षी युद्धकाळातल्या आर्थिक धोरणाची चिकित्सा करत होते. युद्धातल्या हिशेबाकडे कसे पाहावे याची शिकवण आपल्या घरात आहे. ती परदेशी वृत्तसंस्थेकडून उसनी आणावी लागत नाही.

आणि हा विषय दूरचा म्हणून बाजूला टाकण्याची सोयही आपल्याला नाही. मार्च २०२२ मध्ये 'सूर्यफूल तेलाचा भडका' अशा पट्ट्या दिवसभर फिरल्या आणि आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात लोकांनी गरज नसताना पंधरा-पंधरा किलोचे डबे उचलले. दुकानदार म्हणाला, "टीव्ही बंद केला तर भाव आपोआप उतरेल." युक्रेनमधून भारतात सूर्यफूल तेलाचा मोठा वाटा येत असे हे खरे, त्यामुळे काळजीचे कारण होते. पण दुसरीकडून किती येऊ शकते, साठा किती, हे सांगायला कोणी थांबले नाही. रशियाच्या खनिज तेलाचा आपल्या आयातीतला वाटा दोन टक्क्यांच्या आतून एक तृतीयांशाच्या वर गेला. सवलतीच्या त्या तेलाबद्दल विजयाच्या सुरात पुष्कळ लिहिले गेले. पंपावर मात्र भाव जुलै २०२२ नंतर फारसे हलले नाहीत, आणि २०२३-२४ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी विक्रमी नफा कमावला. सवलत कोणाच्या वाट्याला किती आली, हा मराठी वाचकाचा अगदी स्वतःचा प्रश्न होता.

मे २०२३ मध्ये तर बातमी आपल्या दारात येऊन उभी राहिली होती. शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव गोव्यात आले आणि म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. कारण साधे आहे. आपण रशियाकडून खूप घेतो आणि त्यांना फार थोडे विकतो. २०२४-२५ मध्ये आपली आयात सुमारे ६४ अब्ज डॉलरची होती आणि निर्यात पाच अब्जांच्या आत. रुपयांचा ढीग साचला तर त्यांनी त्यातून घ्यायचे काय? नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला, औषध कंपनीला, यंत्रांचे भाग करणाऱ्या कोल्हापूरच्या उद्यमनगराला त्या वाक्यात संधी दिसली असती. त्या दिवशीच्या माझ्या कात्रणांत पाकिस्तानच्या मंत्र्यांशी हस्तांदोलन झाले की नमस्कार झाला, याची चर्चा आहे. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलापायी अमेरिकेने आपल्या मालावर आणखी २५ टक्के शुल्क लावले आणि सोलापूरच्या टॉवेल उद्योगाचे धाबे दणाणले, तेव्हा हे सगळे अचानक आकाशातून पडल्यासारखे वाटले, कारण मधला जिना कोणी दाखवलाच नव्हता.

येत्या २४ फेब्रुवारीला हल्ल्याला चार वर्षे पूर्ण होतील. तुमच्याकडे विशेष पाने निघतील, चर्चा ठरतील. त्या पानांसाठी माझी विनंती आहे. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी दिला ते लिहा, रशियाचे सांख्यिकी खाते, नाणेनिधी, की एखाद्या मंत्र्याचे भाषण. जो आकडा मिळत नाही, तो का मिळत नाही ते लिहा, कारण थांबलेली आकडेवारी हीसुद्धा बातमी आहे. तुम्ही २०२२ मध्ये छापलेले अंदाज काढा आणि त्यांचे काय झाले ते त्याच आकाराच्या टंकात सांगा. चर्चेला दोन माजी लष्करी अधिकारी बोलावता, त्यांच्या शेजारी एक खुर्ची किमती आणि मजुरी समजणाऱ्या माणसासाठी ठेवा. मुंबई विद्यापीठात, गोखले संस्थेत आणि छोट्या गावांतल्या महाविद्यालयांतही अशी माणसे आहेत, मराठीत नीट समजावून सांगू शकणारी. त्यांना फोन येत नाही एवढेच.

वह्या माझ्याकडे आहेत. यंदाच्या वर्गाने त्यात आपण होऊन एक नवा रकाना आखला आहे, त्यावर लिहिले आहे 'कोणी सांगितले'. जानेवारीतल्या कात्रणांपुढे तो बहुतेक जागी रिकामा आहे. तुमच्यापैकी कोणाला पाहायच्या असतील तर मी त्या घेऊन स्वतः येईन, आणि ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता तिलाही विचारीन. ती आता जतच्या एका शाळेत शिकवते.

आपला,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक
सांगली, जानेवारी २०२६